‘परमिशन डिनाइड’ पुन्हा पुन्हा का येते: वेब सर्व्हरवरील स्क्रिप्टला फाईल लिहिता न येण्याच्या दोषाचे निवारण

पुण्यातील एका संस्थेचे शुल्क भरण्याचे आणि पावत्या काढण्याचे संकेतस्थळ काही वर्षे माझ्याकडे देखभालीला होते. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, सकाळी दहाच्या सुमारास तेथील लेखनिक बाईंचा फोन येई, “सर, पावती निघत नाहीये, नुसतं पांढरं पान येतंय.” मी सर्व्हरवर लॉग-इन करून त्रुटींचा लॉग उघडत असे आणि तेथे पीएचपीने (संकेतस्थळ ज्या भाषेत लिहिले होते तिने) ‘फेल्ड टू ओपन स्ट्रीम: परमिशन डिनाइड’ अशी ओळ नोंदवलेली असे. ‘लॉग्ज’ या फोल्डरला आतल्या फायलींसकट मी ७७७ परवानगी (म्हणजे सर्वांना सर्व काही करण्याची मुभा) देत असे, पावती निघू लागे, बाई आभार मानून फोन ठेवत, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा तोच फोन येई. असे सुमारे दोन महिने चालले.

‘सीएचमॉड’ ही कमांड या क्षणी अस्तित्वात असलेल्या फायलींच्या परवानग्या बदलते. उद्या जी फाईल जन्माला येणार आहे तिच्यापर्यंत या कमांडचा हात पोहोचत नाही; त्या फाईलचा मालक कोण आणि तिची परवानगी काय, हे ती निर्माण करणारी प्रक्रिया ठरवते. त्यामुळे ही त्रुटी एकदाच आली असेल तर परवानगी तपासून भागते. पण ती परत परत येत असेल तर परवानगीचे आकडे बाजूला ठेवून, ती फाईल किंवा तो फोल्डर नेमका कोण निर्माण करतो आहे, याचा माग काढावा लागतो. पुढील सर्व विवेचन लिनक्स सर्व्हरला धरून केलेले आहे आणि उदाहरणे मुख्यतः पीएचपीची असली तरी पायथन, पर्ल किंवा नोडवर चालणाऱ्या स्क्रिप्टलाही ते जसेच्या तसे लागू पडते.

आधी त्रुटीचा संदेश अक्षरशः वाचावा

फाईल लिहिता आली नाही की परवानगीच चुकली असणार, असे गृहीत धरण्याची आपल्याला सवय असते. प्रत्यक्षात लिनक्सचा गाभा (कर्नल) वेगवेगळ्या कारणांसाठी वेगवेगळे संदेश देतो आणि त्यांचे क्रमांकही वेगळे असतात. ‘परमिशन डिनाइड’ हा क्रमांक १३ चा दोष असून या लेखाचा विषय तोच आहे. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हा क्रमांक १ चा दोष दिसायला तसाच असला तरी तो बहुधा मालकी नसताना परवानगी बदलू पाहिल्यामुळे किंवा फाईलवर कोणीतरी ‘अपरिवर्तनीय’ हा गुणधर्म लावून ठेवल्यामुळे येतो, आणि तो गुणधर्म ‘एलएस’ या फायलींची यादी देणाऱ्या कमांडमध्ये दिसत नाही, त्यासाठी ‘एलएसॲटर’ ही कमांड चालवावी लागते. ‘रीड-ओन्ली फाईल सिस्टिम’ असा संदेश असेल तर डिस्कवर बिघाड आढळल्याने गाभ्याने ती केवळ वाचण्यापुरती जोडलेली असू शकते, आणि अशा वेळी परवानग्यांशी खेळत बसण्यापेक्षा तातडीने बॅकअप पाहावा. ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ हा संदेश डिस्कवर जागा शिल्लक दिसत असतानाही येतो, कारण फायलींच्या नोंदी ठेवणारे आयनोड संपलेले असू शकतात. लाखो सेशन फायली साठून राहिलेल्या जुन्या सर्व्हरवर हे घडते आणि ‘डीएफ’ कमांडला ‘आय’ हा पर्याय जोडला की ते उघड होते. पीएचपीने ‘ओपन-बेसडिर रिस्ट्रिक्शन इन इफेक्ट’ असे म्हटले असेल, तर अडवणूक पीएचपीच्या स्वतःच्या सेटिंगने केलेली आहे.

संदेशात दिलेला फाईलचा मार्गही नीट वाचावा. कमांड लाइनवरून चालवलेली स्क्रिप्ट, आपण ज्या फोल्डरात उभे आहोत तेथून सापेक्ष मार्ग मोजते, तर वेब सर्व्हरमार्फत चालणारी पीएचपी स्क्रिप्ट साधारणपणे स्वतःच्या फोल्डरापासून मोजते. ‘लॉग्ज’ नावाचे दोन फोल्डर दोन ठिकाणी असतील, तर माणूस एकाची परवानगी सुधारत राहतो आणि स्क्रिप्ट दुसऱ्यावर अडखळत राहते. स्क्रिप्टमध्ये पूर्ण मार्ग लिहिला की ही भानगड मिटते.

लिहिणारा कोण आहे

वेब सर्व्हर आपल्या नावाने चालत नाही. डेबियन आणि उबुंटूवर तो ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, तर रेड हॅट, फेडोरा आणि त्यांच्या कुळातील वितरणांवर अपाची सर्व्हर ‘अपाची’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. ‘पीएस’ कमांडने प्रक्रियांची यादी काढली तर अपाचीची पहिली ओळ ‘रूट’ची, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याची, दिसते, आणि ती पाहून सर्व्हरला सर्व अधिकार आहेत असा अनेकांचा समज होतो. ती ओळ फक्त मूळ प्रक्रियेची असते. प्रत्यक्ष पाने तयार करणाऱ्या तिच्या पिल्लांच्या ओळी त्याखाली असतात आणि आपल्याला हवे असलेले नाव त्या ओळींवर असते.

पीएचपी जर एफपीएमद्वारे (पीएचपीच्या प्रक्रिया वेब सर्व्हरपासून वेगळ्या चालवणाऱ्या व्यवस्थापकाद्वारे) चालत असेल, तर अपाची किंवा एनजिनेक्स हा दुसरा वेब सर्व्हर कोणाच्या नावाने चालतो याला फारसा अर्थ उरत नाही. फाईल लिहिणारी प्रक्रिया एफपीएमच्या ‘पूल’ची असते आणि तिचा वापरकर्ता त्या पूलच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये लिहिलेला असतो. रेड हॅट कुळात तर एनजिनेक्स वापरत असतानाही एफपीएमचा पूर्वनिर्धारित वापरकर्ता ‘अपाची’ हाच असतो. हे ठाऊक नसल्यामुळे ‘एनजिनेक्स’ या नावाला फोल्डरची मालकी देऊन काहीच का बदलले नाही, या विचारात माझा एक संपूर्ण रविवार गेलेला आहे. याच्या उलट, कोणी पूलचा वापरकर्ता बदलला तर सेशन साठवण्याचा फोल्डर जुन्या गटाकडेच राहतो, आणि मग फाईल लिहिण्याची तक्रार न येता ‘लॉग-इन केले तरी पुन्हा लॉग-इनचेच पान येते’ अशी तक्रार येते.

पीएचपीतून खात्री करताना एक सापळा आहे. ‘गेट-करंट-यूजर’ या फंक्शनच्या नावावरून ते चालू प्रक्रियेचा वापरकर्ता सांगत असेल असे वाटते, पण ते स्क्रिप्टच्या फाईलचा मालक सांगते. खरा वापरकर्ता हवा असेल तर ‘पॉझिक्स-गेट-ई-यूआयडी’ हे फंक्शन वापरावे आणि मिळालेला क्रमांक ‘आयडी’ कमांडने पडताळावा.

वापरकर्ता कळल्यावर सर्वांत उपयोगी चाचणी अगदी साधी आहे. ‘सुडो’ला (दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने कमांड चालवणाऱ्या कमांडला) ‘यू’ हा पर्याय देऊन, त्या वापरकर्त्याच्या नावाने, त्याच फोल्डरात ‘टच’ कमांडने एक रिकामी फाईल तयार करून पाहावी. रूटच्या नावाने केलेली चाचणी काहीही सिद्ध करत नाही, कारण रूटला परवानगीचे हे नियम आडवे येतच नाहीत. ही एक चाचणी पुढील तपासाची दिशा ठरवते: फाईल तयार झाली नाही तर दोष नेहमीच्या परवानग्यांत आहे, फाईल तयार झाली आणि तरीही स्क्रिप्ट अडखळते आहे, तर अडथळा परवानग्यांच्या पलीकडे आहे. त्या पलीकडच्या अडथळ्यांकडे मी शेवटी वळेन.

परवानगी नेमकी कशावर लागते

प्रत्येक फाईलला मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी परवानग्या असतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ अशी बेरीज होते, हे बहुतेकांना माहीत असते. त्यामानाने कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की गाभा या तिघांपैकी एकाच वर्गाकडे पाहतो. आपण मालक असाल तर फक्त मालकाची परवानगी पाहिली जाते. मालकाला लिहिण्याची मुभा नसेल आणि गटाला असेल, तरी मालक म्हणून आपल्याला नकारच मिळतो.

फोल्डरच्या बाबतीत याच अक्षरांचा अर्थ बदलतो. फोल्डरवरची लिहिण्याची परवानगी म्हणजे त्यात नवी फाईल निर्माण करण्याची, जुनी पुसण्याची आणि नाव बदलण्याची मुभा होय, आणि चालवण्याची परवानगी म्हणजे त्यातून पुढे जाण्याची मुभा होय. त्यामुळे फाईल पुसता येणे न येणे हे फाईलच्या परवानगीवर नसून तिच्या फोल्डरच्या परवानगीवर ठरते. एसक्यूलाइट वापरणाऱ्यांना हा नियम हमखास चकवतो: डेटाबेसची फाईल लिहिण्याजोगी असते, पण व्यवहार चालू असताना एसक्यूलाइटला त्याच फोल्डरात शेजारी एक तात्पुरती जर्नल फाईल तयार करावी लागते आणि फोल्डरवर लिहिण्याची मुभा नसेल तर तेथे गाडे अडते. आधी तात्पुरत्या फाईलमध्ये लिहून मग तिचे नाव बदलणाऱ्या सर्व प्रणालींचे असेच होते.

शेवटच्या फोल्डरची परवानगी बरोबर असूनही नकार येत असेल, तर मार्गातील वरच्या पायऱ्या पाहाव्यात, कारण मुळापासून फाईलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरात ‘पुढे जाण्याची’ परवानगी लागते. ‘नेमआय’ कमांडला ‘एल’ पर्याय दिला की संपूर्ण मार्गाची एकेक पायरी मालक आणि परवानगीसह खाली खाली छापली जाते, आणि कोणत्या पायरीवर दार बंद आहे ते एका नजरेत दिसते. उबुंटूच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरची परवानगी ७५५ ऐवजी ७५० केलेली आहे. जुन्या सर्व्हरवर होम फोल्डरात ठेवलेले संकेतस्थळ वर्षानुवर्षे व्यवस्थित चालत होते आणि नव्या सर्व्हरवर आणताच ते बंद पडले, असा अनुभव ज्यांना आला असेल त्यांनी आधी ही पायरी पाहावी. अशा वेळी होम फोल्डर सर्वांसाठी उघडा करण्यापेक्षा संकेतस्थळच तेथून हलवून ‘व्हार’खालच्या नेहमीच्या जागी ठेवणे मला अधिक बरे वाटते.

दोष परत कसा येतो

आता त्या पावत्यांच्या संकेतस्थळाकडे येतो. तेथे लॉगची फाईल तारखेच्या नावाने रोज नवी तयार होत असे. एका सकाळी मी फोन आल्याबरोबर दुरुस्ती न करता ‘एलएस’ने ‘लॉग्ज’ फोल्डरची लांब यादी काढली आणि गेल्या पंधरवड्याच्या फायली खाली-वर पाहिल्या. बहुतेक फायलींचा मालक ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ होता. मात्र त्या दिवशीच्या फाईलचा, आणि मागे ज्या ज्या दिवशी फोन आला होता त्या त्या दिवसांच्या फायलींचा मालक ‘रूट’ होता. मागच्या फायलींवर माझ्याच हातची ७७७ होती, त्या दिवशीच्या फाईलवर ६४४. म्हणजे रूटला लिहिण्याची मुभा होती आणि वेब सर्व्हर ‘इतर’ या वर्गात मोडत असल्याने त्याला फक्त वाचता येत होते.

रूट तेथे कोठून आला, याचे उत्तर क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सेवेत, होते. रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी विलंबशुल्काची आकारणी करणारी एक स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनटॅबमधून (क्रॉनच्या कामांच्या यादीतून) चालत असे. ती सर्वसाधारणपणे निमूटपणे काम करून संपत असे. एखाद्या विद्यार्थ्याचा ई-मेल पत्ता चुकीचा निघाला तरच ती लॉगमध्ये एक ओळ लिहीत असे. ज्या रात्री तशी ओळ लिहिली जाई, त्या रात्री दिवसाची फाईल रूटच्या नावाने जन्माला येई, आणि सकाळी पहिली पावती काढताना वेब सर्व्हरला तीत लिहिता येत नसे. ज्या रात्री लिहिण्यासारखे काही नसे, त्या दिवशीची फाईल सकाळी पहिल्या पावतीबरोबर वेब सर्व्हरच्याच नावाने तयार होई आणि सर्व सुरळीत चाले. दोष अनियमित वाटत होता तो यामुळे. दिवसाची फाईल दोघांपैकी जो आधी लिहील त्याची होत होती, आणि कोण आधी लिहील हे कोणाच्या तरी ई-मेल पत्त्यातल्या चुकीवर ठरत होते. लॉग लिहिता आला नाही म्हणून पावतीच अडकावी, ही त्या स्क्रिप्टच्या रचनेतली आणखी एक त्रुटी. ती माझीच होती.

उपाय एका ओळीचा होता: ते काम रूटच्या क्रॉनटॅबमधून काढून ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’च्या क्रॉनटॅबमध्ये टाकले. याऐवजी अनेक जण ओळ रूटच्याच क्रॉनटॅबमध्ये ठेवून तिच्या सुरुवातीला ‘सुडो’ने वापरकर्ता बदलतात, तसे करताना ओळीच्या शेवटी ‘मोठे-चिन्ह’ (>) वापरून निकाल एखाद्या फाईलकडे वळवलेला असेल, तर ती फाईल उघडण्याचे काम ‘सुडो’च्या आधी रूटचा शेल करतो आणि फाईल पुन्हा रूटचीच होते. आपल्या हाताने सर्व्हरवर ‘सुडो’ लावून चालवलेल्या कमांडही अशाच खुणा मागे ठेवतात. रूट म्हणून एकदा कॅशे साफ केला, रूट म्हणून ‘गिट पुल’ केले, रूट म्हणून कंपोझर चालवला, की त्यातून निर्माण झालेल्या फायली आणि फोल्डर रूटचे होतात व आठ-पंधरा दिवसांनी, कोणी काय केले हे सर्वजण विसरल्यावर, त्यांतली एखादी आडवी येते.

दुसरा प्रकार महिन्याच्या एक तारखेला उगवतो. वर्डप्रेस अपलोड केलेली चित्रे वर्षाच्या फोल्डरात आणि त्याच्या आत महिन्याच्या फोल्डरात ठेवतो. चालू महिन्याचा फोल्डर लिहिण्याजोगा असतो म्हणून महिनाभर काहीच अडत नाही, पण नव्या महिन्याचा फोल्डर तयार करण्यासाठी वर्षाच्या फोल्डरवर लिहिण्याची परवानगी लागते, आणि जुन्या सर्व्हरवरून रूटच्या नावाने नक्कल करून आणलेल्या संकेतस्थळावर ती नसते. अशा वेळी केवळ नव्या महिन्याचा फोल्डर हाताने करून देणारा माणूस पुढच्या एक तारखेची सोय करून ठेवतो. मालकी ‘अपलोड्स’ या फोल्डरापासून खालपर्यंत सुधारावी.

तिसरा प्रकार खुद्द स्क्रिप्टमध्ये दडलेला असतो. पीएचपीत ‘एमकेडिर’ला परवानगी देताना आकड्याच्या आधी शून्य लावायचे राहिले, म्हणजे ०७५५ ऐवजी ७५५ असे लिहिले, तर पीएचपी तो आकडा दशमान समजते. दशमान ७५५ म्हणजे अष्टमान १३६३. अशा फोल्डरात मालकाला लिहिता येते आणि आत शिरता येते, पण यादी वाचता येत नाही. गटाला वाचण्याचे अक्षर मिळते, पण आत शिरता येत नाही. ‘एलएस’मध्ये अशी चमत्कारिक अक्षरे आणि शेवटी ‘टी’ दिसला की परवानग्यांचा विचार सोडून स्क्रिप्टमध्ये हरवलेले शून्य शोधावे. शून्य बरोबर असले तरी ‘एमकेडिर’ला दिलेले ०७७७ जसेच्या तसे लागत नाही, कारण त्यातून प्रक्रियेचा यूमास्क (नव्या फायलींना कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत हे सांगणारा आकडा) वजा होतो, नेहमीच्या ०२२ यूमास्कने फोल्डर ७५५ चा आणि फाईल ६४४ ची होते.

एकाच फोल्डरात दोघांना लिहायचे असेल तर

काही ठिकाणी दोन वेगळ्या वापरकर्त्यांनी लिहिणे अपरिहार्य असते. उदाहरणार्थ, फायली चढवणारा माणूस स्वतःच्या नावाने येतो आणि वेब सर्व्हर आपल्या वेगळ्या नावाने लिहितो. येथे एक सामाईक गट करून दोघांना त्यात घालावे, फोल्डरचा गट तो करावा आणि फोल्डरला २७७५ परवानगी द्यावी. सुरुवातीचा २ हा ‘सेट-जीआयडी’चा असून त्यामुळे त्या फोल्डरात निर्माण होणारी प्रत्येक नवी फाईल फोल्डरचाच गट घेते, आणि नवे उपफोल्डरही हाच गुण पुढे चालवतात. एवढे केले तरी काम अर्धेच होते. यूमास्क ०२२ असेल तर नव्या फाईलवर गटाला लिहिता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचा यूमास्क ००२ करावा लागतो. एफपीएमसाठी तो सिस्टिमडीच्या (लिनक्सवरील सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) सेवेच्या सेटिंगमध्ये घालता येतो.

वापरकर्त्याला गटात घालताना ‘यूजरमॉड’ला ‘ए’ हा पर्याय विसरू नये. तो विसरला तर नव्या गटाची भर पडण्याऐवजी आधीचे सगळे जोड-गट पुसले जातात, त्यांत ‘सुडो’चा गटही असतो, आणि सर्व्हरवर अधिकार असलेला तो एकटाच वापरकर्ता असेल तर प्रसंग बाका होतो. शिवाय चालू असलेल्या प्रक्रियेला नवा गट आपोआप मिळत नाही. एफपीएम पुन्हा सुरू करावा लागतो आणि माणसाला बाहेर पडून पुन्हा लॉग-इन करावे लागते.

यूमास्कच्या मागे धावणे मला स्वतःला कंटाळवाणे वाटते, कारण क्रॉन, एसएसएच आणि एफपीएम या तिघांचे यूमास्क तीन ठिकाणी सांभाळावे लागतात आणि एक तरी निसटतोच. अशा फोल्डरांसाठी मी एसीएल, म्हणजे एकेका वापरकर्त्याला वेगळी परवानगी देणारी यादी, वापरतो. ‘सेटएफएसीएल’ने फोल्डरवर दोन्ही वापरकर्त्यांना परवानगी द्यावी आणि तीच ‘डी’ पर्यायाने पूर्वनिर्धारित म्हणूनही नोंदवावी; मग त्यात जन्मणाऱ्या प्रत्येक फाईलला ती मिळते आणि तेथे यूमास्क लागूच होत नाही. परवानगी देताना चालवण्याचे अक्षर मोठ्या लिपीतले ‘एक्स’ द्यावे, म्हणजे ते फोल्डरांना लागते आणि साध्या फायलींना लागत नाही. एसीएल असलेल्या फाईलपुढे ‘एलएस’मध्ये अधिकचे चिन्ह दिसते, आणि मधली तीन अक्षरे तेव्हा गटाची न राहता कमाल मर्यादेची होतात; म्हणून अशा फाईलवर नंतर कोणी ‘सीएचमॉड’ चालवला तर एसीएल असूनही परवानगी आकसते. ती ‘गेटएफएसीएल’ने तपासावी.

७७७ विषयी

फक्त फोल्डर ७७७ केल्याने वर सांगितलेला रूटच्या फाईलचा दोष सुटत नाही, हे एव्हाना लक्षात आले असेल, कारण आतली नवी फाईल ६४४ चीच जन्मते. त्याचा धोका मात्र लगेच लागू होतो: सर्व्हरवरील कोणतीही प्रक्रिया, त्यात शेजारच्या दुसऱ्या संकेतस्थळात शिरलेला घुसखोरही आला, तेथे हवे ते लिहू शकते, आणि तो फोल्डर वेबवरून उघडता येत असेल तर लिहिलेली पीएचपी फाईल चालवूही शकते. अपाचीचे सूएक्झेक (स्क्रिप्ट तिच्या मालकाच्या नावाने चालवणारी सोय) वापरणाऱ्या सामायिक होस्टिंगवर तर इतरांना लिहिता येणारी सीजीआय स्क्रिप्ट चालवण्यास सूएक्झेक स्वतःच नकार देते, आणि परवानगी ‘वाढवल्या’मुळे पानाऐवजी ५०० क्रमांकाची त्रुटी येते.

लिहिण्याची मुभा अपलोड, कॅशे, लॉग अशा मोजक्या फोल्डरांनाच द्यावी. कोडच्या फायलींचा मालक वेब सर्व्हर नसावा. अपलोडच्या फोल्डरात पीएचपी चालू नये अशी तजवीज सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये करावी. यामुळे वर्डप्रेस अद्ययावत करताना एफटीपीचे नाव आणि पासवर्ड मागू लागतो, कारण त्याने लिहून पाहिलेल्या फाईलचा मालक आणि त्याच्या स्वतःच्या फायलींचा मालक वेगळे निघतात. तेथे दोष काही नसतो. अद्ययावत करण्याचे काम कोडच्या मालकाच्या नावाने कमांड लाइनवरून करावे.

परवानग्या बरोबर असूनही नकार

‘टच’ची चाचणी यशस्वी झाली आणि स्क्रिप्टला तरीही नकार मिळत असेल, तर रेड हॅट कुळातील सर्व्हरवर प्रथम एसईलिनक्सकडे, म्हणजे परवानग्यांच्या वर आणखी एक पहारा ठेवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेकडे, पाहावे. ‘गेटएन्फोर्स’ने ‘एन्फोर्सिंग’ असे उत्तर दिले, तर ‘सेटएन्फोर्स’ला शून्य देऊन एका मिनिटापुरती अंमलबजावणी थांबवावी, स्क्रिप्ट चालवून पाहावी आणि लगेच पूर्ववत करावी. तेवढ्यात स्क्रिप्ट चालली तर निदान झाले. पण तेथेच थांबून एसईलिनक्स कायमचे बंद करण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला दिसतो, तो मानू नये. एसईलिनक्स प्रत्येक फाईलवर एक लेबल ठेवते, आणि वेबच्या फोल्डरावरचे नेहमीचे ‘एचटीटीपीडी-सिस-कन्टेन्ट’ हे लेबल सर्व्हरला केवळ वाचू देते. लिहिण्यासाठी मध्ये ‘आरडब्ल्यू’ असलेले लेबल लागते. ‘एसई-मॅनेज’ने त्या फोल्डरासाठी हा नियम नोंदवून ‘रिस्टोरकॉन’ने तो लागू करावा. केवळ ‘सीएचकॉन’ने लावलेले लेबल पुढच्या ‘रिस्टोरकॉन’बरोबर पुसले जाते आणि दोष परततो. होम फोल्डरातून ‘एमव्ही’ने हलवलेली फाईल आपले जुने लेबल बरोबर घेऊन येते, तर ‘सीपी’ने आणलेल्या नव्या फाईलला नव्या जागेचे लेबल मिळते, त्यामुळे दोन सारख्या दिसणाऱ्या फायलींपैकी एक चालते आणि दुसरी चालत नाही, असा चमत्कार घडतो. ‘एलएस’ला मोठ्या लिपीतले ‘झेड’ दिले की लेबल दिसते.

‘टच’ने चालावे आणि स्क्रिप्टने अडावे याचे दुसरे कारण सिस्टिमडीच्या सेवेवरील कुंपण हे असते. ‘प्रोटेक्ट-सिस्टिम’ किंवा ‘प्रोटेक्ट-होम’ चालू असेल, तर आपल्या शेलला दिसणारी डिस्क आणि सेवेला दिसणारी डिस्क एकसारखी नसते. ‘प्रायव्हेट-टेम्प’ चालू असेल तर सर्व्हरचा तात्पुरता फोल्डरही वेगळा असतो. स्क्रिप्ट फाईल लिहिल्याचे सांगते, आपल्याला ती सापडत नाही, आणि क्रॉनने तेथे ठेवलेली फाईल स्क्रिप्टला दिसत नाही.

डॉकरमध्ये (तयार प्रतिमेवरून, म्हणजे इमेजवरून, प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या प्रणालीत) नावांवर विसंबू नये, वापरकर्त्यांचे क्रमांक पाहावेत. पीएचपीच्या अधिकृत प्रतिमांत डेबियनवर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’चा क्रमांक ३३ असतो आणि अल्पाइनवर ८२, प्रतिमा लहान व्हावी म्हणून कोणी डेबियनवरून अल्पाइनवर उडी मारली की नाव तेच राहते आणि बाहेरून जोडलेल्या फोल्डरात लिहिणे बंद होते.

दुरुस्तीची खात्री

बदल केल्यावर दुसऱ्या दिवसाची वाट पाहण्याची गरज नाही. त्या संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर मी दिवसाची लॉग फाईल बाजूला हलवली, रात्रीचे काम ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’च्या नावाने हाताने चालवले, त्यासाठी मुद्दाम एक चुकीचा ई-मेल पत्ता घालून त्याला लॉगमध्ये ओळ लिहायला लावले, आणि लगेच ब्राउझरमधून एक चाचणीची पावती काढली. मग फाईल पुन्हा हलवून उलट क्रमाने, आधी पावती आणि नंतर रात्रीचे काम, असे करून पाहिले. दोन्ही वेळा यादीत मालकाच्या रकान्यात एकच नाव होते आणि फाईलमध्ये दोघांच्याही ओळी होत्या.